गिअरबॉक्स-बदल आणि पायलट बेअरिंगची बैठक

एंजिन एका कारखान्यातले आणि गिअरबॉक्स दुसऱ्या कारखान्यातला, अशा संयोगाने चालणाऱ्या जीपगाड्या मराठवाड्यास नव्या नाहीत. मुंबईच्या महिंद्र कंपनीने १९४७ साली विलीज जीपच्या जोडणीस आरंभ केला. त्या जीप पेट्रोलवर चालत व त्यांना तीन गतींचा गिअरबॉक्स असे. १९७३ नंतर पेट्रोलच्या किमती चढत गेल्या, तसतशी या गाड्यांतील मूळ एंजिने काढून तेथे डिझेल एंजिने बसविण्याची प्रथा रूढ झाली. आणि एंजिन बदलले की आज ना उद्या चार गतींच्या गिअरबॉक्सचीही निकड भासू लागते. अशा कामात मालकाचे व कारागिराचे सारे लक्ष एंजिनाचे पाये, क्लचचा व्यास आणि मागच्या प्रॉपेलर शाफ्टची लांबी यांवर खिळलेले असते. क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकात बसणारे अंगठ्याएवढे एक बेअरिंग मात्र शेवटी, घाईघाईने, हातोडीच्या चार ठोक्यांनी आत ढकलले जाते. पुढे काही महिन्यांनी गिअर खरखरू लागतात, दोष क्लचप्लेटच्या किंवा चालकाच्या माथी मारला जातो, आणि गिअरबॉक्स उतरविल्यावर मूळ कारण त्या लहानशा छिद्रात सापडते. या बेअरिंगची बैठक हा ठोकाठोकीचा नसून दोन स्वतंत्र अक्ष एका रेषेत आणण्याचा प्रश्न आहे, हे ध्यानात घेतल्यावाचून त्याची उकल होत नाही.

प्रथम या भागाचे स्थान पाहू जाता असे दिसते की, एंजिनातील क्रँकशाफ्टला, ज्यास परिभाषेत भुजादंड म्हणतात, मागे फ्लायव्हील जोडलेले असते व फ्लायव्हीलवर क्लच. गिअरबॉक्समधून पुढे आलेला क्लचशाफ्ट क्लचप्लेटच्या खाचांतून आरपार जातो. हा शाफ्ट गिअरबॉक्सच्या पुढच्या भिंतीत एका बॉल बेअरिंगवर तोललेला असतो; परंतु त्यापुढे त्याचा वीतभर भाग निराधार राहतो. त्याचे बारीक केलेले टोक क्रँकशाफ्टच्या मध्यावरील छिद्रात शिरते आणि तेथे जे बेअरिंग अथवा बुश त्यास आधार देते, ते पायलट बेअरिंग होय. विश्वकोशीय मराठीत बेअरिंगला 'धारवा' हा नेटका शब्द आहे. पण मिस्त्रीच्या दुकानात तो मागितल्यास हाती काही पडणार नाही, म्हणून येथे प्रचलित नावेच योजिली आहेत.

या बेअरिंगचे वैशिष्ट्य असे की, गाडी धावत असताना ते बेअरिंग म्हणून फिरतच नाही. क्लच जोडलेला असेल तेव्हा क्रँकशाफ्ट व क्लचशाफ्ट एकाच वेगाने फिरतात. बेअरिंगचे बाहेरचे व आतले कडे यांत सापेक्ष गती शून्य असते. क्लच दाबला, एंजिन व गिअरबॉक्स विलग झाले, की त्याच क्षणी याचे काम सुरू होते. गाडी थांबलेली, पहिला गिअर टाकलेला व क्लच दाबलेला, अशा स्थितीत क्लचशाफ्ट स्थिर राहतो आणि क्रँकशाफ्ट मंदगतीच्या, समजा मिनिटास ७५० फेऱ्यांच्या, वेगाने त्याच्याभोवती फिरतो. छत्रपती संभाजीनगरच्या क्रांती चौकात लाल दिव्यापाशी मिनिटभर पाय क्लचवर ठेवून उभा राहणारा जीपचालक या बेअरिंगला साडेसातशे फेरे घालावयास लावतो; गिअर काढून पाय उचलणारा एकही नाही. विभक्त होण्याच्या वेळीच ज्याची गरज, असा हा भाग असल्याने त्याचा बिघाडही त्याच वेळी प्रकट होतो.

या शहराच्या वाहनउद्योगात हा भाग शोधू गेल्यास तो सहजासहजी आढळत नाही, ही गोष्ट मनोरंजक आहे. वाळूज येथे १९८५ पासून ज्या दुचाक्या व तीनचाकी गाड्या तयार होत आल्या, त्यांत एंजिन व गिअर एकाच कवचात असतात. शेंद्रा येथे २००१ साली ज्या ऑक्टाव्हिया मोटारींची जोडणी सुरू झाली, त्यांचे एंजिन आडवे बसविलेले. तेथे गिअरबॉक्सचा शाफ्ट आखूड असून त्याची दोन्ही बेअरिंगे गिअरबॉक्सच्या कवचातच असतात व क्रँकशाफ्टच्या आधाराची त्यास आवश्यकता उरत नाही. पायलट बेअरिंगचे राज्य उभ्या एंजिनाच्या, मागची चाके फिरविणाऱ्या गाड्यांत: जीप, टेम्पो, मालमोटार व ट्रॅक्टर यांत. परदेशी जुन्या मोटारींत स्वयंचलित गिअरबॉक्स काढून हाताने चालवावयाचा गिअरबॉक्स घालतात, तेव्हा हाच प्रश्न अधिक बिकट होतो. कारण स्वयंचलित रचनेत क्रँकशाफ्टच्या मध्यावर टॉर्क कन्व्हर्टरची नाभी बसते, पायलट बेअरिंग नसतेच, आणि कित्येकदा तेथील छिद्र बेअरिंगच्या मापास कातलेलेही नसते.

पायलट आधाराचे तीन प्रकार प्रचलित आहेत. सर्वांत जुना व साधा तो ब्राँझचा बुश. तो ओतीव ब्राँझचा नसून धातूची पूड दाबून व भाजून केलेला असतो. त्याच्या आकारमानाचा सुमारे पाचवा हिस्सा सूक्ष्म रंध्रांचा असून त्यांत तेल भरून राहते. १९३० च्या सुमारास अमेरिकेत क्रायस्लर कंपनीने हे बुश प्रचारात आणले. बसविण्यापूर्वी तो स्वच्छ एंजिन-तेलात भिजत ठेवावा. त्यावर ग्रीझ थापण्याची सवय मात्र घातक आहे, कारण ग्रीझ रंध्रे बुजविते आणि मग आतले तेल पृष्ठावर येत नाही. रीमर फिरवून बुशाचे छिद्र मोठे करण्यानेही तोच अनर्थ होतो. बुश दाबून बसविल्यावर त्याचा आतला व्यास किंचित घटतो, यास्तव शाफ्टचे टोक हातात धरलेल्या बुशात सहज फिरते एवढ्यावर समाधान मानू नये. बसविल्यानंतर पुन्हा माप घ्यावे. टोक व बुश यांत ०.०३ ते ०.०८ मिलिमीटर एवढी मोकळीक पुरेशी होय. बाजारात ब्राँझच्या नावाने लोहमिश्रित बुशही येतात. लोहचुंबक लावून पाहिल्यास त्यांची जात कळते.

दुसरा प्रकार नीडल बेअरिंगचा. या जातीची बेअरिंगे भारतात प्रथम तयार करणारी, १९६५ साली स्थापन झालेली एनआरबी ही कंपनी असून तिचे कारखाने जालना व छत्रपती संभाजीनगर येथेही आहेत. तेव्हा हा भाग या प्रदेशास परका नाही. येथे लक्षात ठेवावयाची गोष्ट एवढीच की, बहुतेक नीडल पायलट बेअरिंगांना आतले कडे नसते. सुया थेट शाफ्टच्या टोकावर लोळतात. म्हणजे ते टोकच बेअरिंगचा अर्धा भाग झाले. ते पुरेसे कठीण व गुळगुळीत नसेल तर सुया त्यात चरे पाडतात. वर्षानुवर्षे बुशात घासून गेलेला जुना क्लचशाफ्ट नव्या नीडल बेअरिंगात घालणे म्हणजे नव्या जोड्यात फुटकी टाच घालण्यासारखे आहे. त्या शाफ्टला बुशच योग्य.

तिसरा प्रकार दोन्ही बाजूंनी सील असलेल्या बॉल बेअरिंगचा, आणि गिअरबॉक्स-बदलात हाच सर्वांत सोयीचा पडतो. त्याचे कारण प्रमाणित मापे. बेअरिंगचे बाहेरचे कडे एंजिनाच्या आज्ञेत असते व आतले गिअरबॉक्सच्या. मूळ गाडीत दोन्ही मापे एकाच आरेखकाने ठरविलेली असतात. बदललेल्या जोडीत ती एकमेकांना अनोळखी असतात. समजा, क्रँकशाफ्टमध्ये ६२०२ क्रमांकाचे बेअरिंग होते, म्हणजे आतला व्यास १५, बाहेरचा ३५ व रुंदी ११ मिलिमीटर. नव्या गिअरबॉक्सच्या शाफ्टचे टोक १७ मिलिमीटरचे निघाले. अशा वेळी टोक लेथवर घासून १५ चे करण्याचा मोह पुष्कळांस होतो. तसे केल्यास कठीण केलेला पृष्ठभाग निघून जातो आणि शाफ्ट कायमचा दुबळा होतो. वस्तुतः ६००३ क्रमांकाच्या बेअरिंगची मापे १७, ३५ व १० मिलिमीटर अशी आहेत. बाहेरचा व्यास तोच, आतला हवा तसा, आणि रुंदीत केवळ एक मिलिमीटरची उणीव. कोष्टक उघडून पाहण्याच्या पाच मिनिटांनी एक शाफ्ट वाचतो.

असा योग प्रत्येक वेळी येईलच असे नाही. मग मधल्या जागेसाठी एक कडे कातून घ्यावे लागते. चिकलठाणा किंवा रेल्वे स्टेशन औद्योगिक वसाहतीतील कोणत्याही बऱ्या लेथवर हे काम अर्ध्या तासाचे आहे. अट एकच, कड्याचा आतला व बाहेरचा व्यास एकाच पकडीत कातला गेला पाहिजे. बाहेरची बाजू कातून, तुकडा चकमधून काढून, उलटा धरून आतली बाजू कातली, तर दोन्ही वर्तुळांचे केंद्र एक राहत नाही, आणि जी चूक टाळण्यासाठी हा सारा खटाटोप ती चूक कड्यातच कायमची बसते.

व्यास जुळला तरी खोलीचा प्रश्न राहतो. दोन निरनिराळ्या बनावटींचे एंजिन व गिअरबॉक्स जोडताना मध्ये बहुधा एक जाड पट्टी, अडॅप्टर प्लेट, घालावी लागते. ही पट्टी १२ मिलिमीटर जाड असेल तर क्लचशाफ्टचे टोक १२ मिलिमीटर मागे सरकते. जे टोक पूर्वी बेअरिंगमध्ये भरपूर शिरत होते, ते आता त्याच्या कडेला जेमतेम टेकते किंवा पोहोचतही नाही. उलट, शाफ्ट लांब असेल तर तो छिद्राच्या तळास भिडतो आणि गिअरबॉक्सचे बोल्ट आवळताना क्रँकशाफ्टला पुढे रेटतो. मग एंजिनातील थ्रस्ट वॉशर झिजून जाते व दुखणे गिअरबॉक्सचे असता खर्च एंजिनाचा होतो. यासाठी दोन मापे आधीच घ्यावी: एंजिनाच्या मागच्या प्रतलापासून बेअरिंगच्या कडेपर्यंतचे व छिद्राच्या तळापर्यंतचे अंतर, आणि बेलहाउसिंगच्या प्रतलापासून शाफ्टचे टोक किती पुढे येते ते. पट्टीची जाडी हिशोबात धरून टोकाचा सरळ भाग बेअरिंगच्या संपूर्ण रुंदीतून गेला पाहिजे आणि तळाशी काही मिलिमीटर जागा मोकळी राहिली पाहिजे. छिद्रात मऊ मातीची गोळी ठेवून गिअरबॉक्स एकवार लावून काढला, तर ती किती चेपली यावरून हिशोबाचा पडताळा मिळतो.

याहून सूक्ष्म, आणि प्रत्यक्षात सर्वाधिक दुर्लक्षित, असा प्रश्न अक्षांचा आहे. येथे दोन चुका संभवतात व त्या एकसारख्या नाहीत. पहिली, पायलट छिद्र क्रँकशाफ्टच्या अक्षावर नसणे. या स्थितीत शाफ्टचे टोक क्रँकशाफ्टबरोबर लहान वर्तुळात फिरते. क्लच जोडलेला असताना शाफ्ट जसा वाकला तसाच वाकून फिरतो; त्यातील ताण त्याच्या स्वतःच्या दृष्टीने बदलत नाही, मात्र कंप निर्माण होतो. दुसरी चूक बेलहाउसिंग किंवा पट्टी सरकलेली असण्याची: क्रँकशाफ्टचा अक्ष व गिअरबॉक्सचा अक्ष समांतर असून मध्ये अंतर राहते. आता शाफ्टचे टोक अवकाशात एका जागी ओढून धरलेले असते आणि शाफ्ट त्या वाकलेल्या स्थितीत स्वतःभोवती फिरतो. त्याच्या प्रत्येक तंतूवर दर फेऱ्यास एकदा ताण व एकदा दाब येतो. मिनिटास ३००० फेरे धरल्यास तासाला १,८०,००० आवर्तने होतात. साडेपाच तासांच्या अखंड प्रवासात दहा लक्ष. धातूच्या शिणवट्याचा अभ्यास करणाऱ्यास या संख्येचा अर्थ वेगळा सांगावयास नको.

बलाचा अदमासही घेता येतो. क्लचशाफ्टचा व्यास २५ मिलिमीटर, आधारापासून टोकापर्यंतची लांबी १८० मिलिमीटर आणि अक्षांतील अंतर पाव मिलिमीटर समजू. शाफ्ट गिअरबॉक्सच्या बाजूस पक्का जखडलेला आहे असे गृहीत धरून पोलादाच्या स्थितिस्थापकतेने हिशोब केल्यास टोकावरील आडवे बल सुमारे ५०० न्यूटन, म्हणजे पन्नास किलोग्रॅम वजनाइतके येते. बॉल बेअरिंग थोडे कलू शकत असल्याने प्रत्यक्ष बल याहून कमी असेल. ही वरची मर्यादा होय. तरीपण ज्या बेअरिंगवर आडवे बल जवळजवळ पडूच नये अशी योजना आहे, त्यावर पावशेर सुद्धा विनाकारण का पडावा? शिवाय हे बल क्लच जोडलेला असताना, दोन्ही कड्यांत सापेक्ष फेरे होत नसताना पडते. छर्रे लोळत नाहीत, केवळ जागच्या जागी हिंदकळतात. वंगणाचा पापुद्रा तयार होत नाही आणि कड्यांवर बारीक खड्डे उमटतात. अक्ष चुकलेल्या गाडीतले बेअरिंग विश्रांतीच्या वेळीच झिजते, ते असे.

ही चूक डोळ्यांना दिसत नाही. डायल गेज फ्लायव्हीलवर बसवून त्याची सुई बेलहाउसिंगच्या मागच्या गोल छिद्राच्या कडेस टेकवावी व क्रँकशाफ्ट हाताने पूर्ण फिरवावा. जे एकूण वाचन येईल ते अक्षांतील अंतराच्या दुप्पट असते. सामान्यतः ०.००५ इंच, म्हणजे सुमारे ०.१३ मिलिमीटर, एवढे एकूण वाचन मान्य समजतात. स्थानिक बनावटीच्या पट्ट्यांत बहुधा बोल्टांची छिद्रे तेवढी पाडलेली असतात. बोल्ट पकडण्याचे काम करतात. जागा ठरविण्याचे काम डॉवेल पिनांचे. बोल्ट व छिद्र यांत नेहमीच मोकळीक असते आणि गिअरबॉक्सच्या वजनाने पट्टी तेवढी खाली बसते. डॉवेलवाचूनची पट्टी कितीही जाड व चकचकीत असो, ती अडॅप्टर नव्हे, नुसता लोखंडाचा तुकडा आहे. कायद्याची बाजूही येथेच नमूद करणे उचित. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ विनिर्देशापासून भिन्न होतील असा फेरफार वाहनात करता येत नाही. तेव्हा एंजिन बदलण्याचा विचार असल्यास परिवहन कार्यालयाची पायरी प्रथम चढावी, लेथची नंतर.

आता प्रत्यक्ष बैठक. जुने बेअरिंग काढण्यास मागच्या बाजूने हात जात नाही, म्हणून कारागीर छिद्रात ग्रीझ ठासून भरतात व शाफ्टच्या टोकाएवढा गोल दांडा त्यात ठोकतात. पास्कलच्या नियमाचे याहून सुटसुटीत प्रात्यक्षिक शोधून सापडणार नाही. दांडा १५ मिलिमीटरचा व बेअरिंगचा बाहेरचा व्यास ३५ मिलिमीटरचा असल्यास बेअरिंगच्या पाठीचे क्षेत्रफळ दांड्याच्या क्षेत्रफळाच्या सुमारे ४.४ पट भरते. तितक्याच पटीने वाढलेले बल बेअरिंगला बाहेर ढकलते. सीलमधून ग्रीझ निसटू लागल्यास मात्र हट्ट सोडून आकड्याचा पुलर वापरावा.

नवे बेअरिंग बाहेरच्या कड्यावरच दाब देऊन बसवावे. आतल्या कड्यावर ठोका पडला तर तो छर्ऱ्यांवाटे जातो आणि कड्याच्या खाचेत सूक्ष्म खळगे पडतात; असे बेअरिंग बसण्यापूर्वीच मेलेले असते. बाहेरच्या कड्याहून किंचित लहान व्यासाची, तोंड सपाट कातलेली नळी यास उत्तम. उष्णतेचे साहाय्यही घेता येते. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात छपराखालचे तापमान ४० अंश व शीतकपाटाच्या बर्फकप्प्यातले उणे १५ अंश धरल्यास ३५ मिलिमीटरच्या पोलादी कड्याचा व्यास सुमारे ०.०२३ मिलिमीटर घटतो. हलक्या दाबबैठकीत एवढी सूट पुष्कळ झाली. बेअरिंग अंगठ्याच्या दाबानेही आत सरकते. मात्र बाहेर काढताच त्यावर दव जमते. ते पुसून, छिद्राला तेलाचा हात फिरवून मगच बसवावे. बैठक गरजेहून घट्ट असल्यास बाहेरचे कडे आवळले जाऊन छर्ऱ्यांची अंतर्गत मोकळीक नाहीशी होते; बसविल्यावर आतले कडे बोटाने फिरवून ते जडावले नाही ना हे पाहणे म्हणून आवश्यक.

क्लचप्लेट मध्यावर धरण्यास जुन्या क्लचशाफ्टचा तुकडा वापरावा आणि गिअरबॉक्स चढविताना त्याचे वजन पूर्ण वेळ जॅकवर ठेवावे. शाफ्ट खाचांत शिरला असता गिअरबॉक्स क्षणभरही लोंबकळू दिला तर सारे वजन त्या चिमुकल्या बेअरिंगवर व क्लचप्लेटच्या नाभीवर येते. शेवटचे दहा मिलिमीटर अंतर अडून बसले की बोल्ट आवळून गिअरबॉक्स ओढून घेण्याची रीत सर्वत्र दिसते. ती अत्यंत वाईट. नीट जुळलेला गिअरबॉक्स हाताच्या रेट्याने बेलहाउसिंगला टेकतो. न टेकल्यास काहीतरी चुकले आहे असे समजून तो मागे घ्यावा.

बिघाड ओळखण्याच्या खुणा सापेक्ष गतीच्या तत्त्वावरून आपोआप निघतात. क्लचच्या पायरीला नुसता पाय लागताच आवाज सुरू झाला तर तो रिलीज बेअरिंगचा. पायरी पूर्ण दाबली, गिअर टाकलेला आहे, गाडी स्थिर आहे, आणि तेव्हाच आवाज येतो, तर तो पायलट बेअरिंगचा. याच्या पुढची अवस्था बेअरिंग धरून बसण्याची. क्लच पूर्ण दाबूनही क्रँकशाफ्ट क्लचशाफ्टला आपल्याबरोबर ओढत राहतो. सपाट रस्त्यावर गाडी पहिल्या गिअरात पुढे सरकू पाहते, रिव्हर्स पडताना दात घासतात, एवढ्यावर भागते. कन्नडहून चाळीसगावकडे औट्रम घाट उतरताना मात्र तिसऱ्यावरून खालचा गिअर काढावा लागतो. क्लच तुटत नसल्याने तो पडत नाही, तिसरा निघून गेलेला असतो, आणि भरलेली जीप एंजिनाच्या अटकावाशिवाय केवळ ब्रेकवर उताराला लागते. जुन्या तीन गतींच्या गिअरबॉक्समध्ये पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नसल्याने तेथे ही अडचण दुणावते.

म्हणून गिअरबॉक्स चढवून बोल्ट आवळल्यावर, प्रॉपेलर शाफ्ट जोडण्यापूर्वी, एक चाचणी करावी. पहिला गिअर टाकून व क्लच पूर्ण दाबून एका माणसाने गिअरबॉक्सच्या मागची फ्लँज हाताने फिरवावी. ती निर्वेध फिरली पाहिजे आणि क्रँकशाफ्टची पुढची पुली मुळीच हलता कामा नये. पुली हलली, तर गाडी अजून जॅकवर असतानाच गिअरबॉक्स पुन्हा उतरविणे स्वस्त पडते.